ओला हात

रोहिणी : पाणी घे. एवढ्यानं काय हुतंय, ओंजळ भरून घे.

प्रगती : आत्या, आधीच हातातून सटकतंय.

रोहिणी : सटकू दे. चिनी माती तान्हेली असती, जेवढं पाजशील तेवढी उंच चढंल. मला असंच शिकवलंय. व्हय ना, तात्या?

महिपती : आता म्हातारपणी काय आठवतंय.

प्रगती : आबांनी शिकवलंय तुम्हाला? आबा, तुम्ही घरी कधी बोलला नाहीत.

रोहिणी : सख्खं चुलतं माझं. तुझ्या बापाला आन् मला एकाच चाकावर बसवलं त्यांनी. वरचा हात ढिला सोडू नको, प्रगती.

प्रगती : गेलं. खांद्यातच बसली. तिसरी फुलदाणी आत्या, आणि परवा पुण्यात परीक्षकांसमोर बसायचंय. कॉलेजचा प्रवेश त्याच्यावर आहे.

रोहिणी : माझ्याबी अशाच बसायच्या. खुर्जाला, उत्तरेत, ह्या मातीचं काम शिकायला घरातनं एकालाच धाडायचं ठरलेलं. तुझ्या बापाची, अविराजची फुलदाणी ताठ उभी, माझी लोळलेली. तात्या भरल्या अंगणात म्हणालं, हिच्या हातात जीव न्हाय, लगीन उरकून टाका. महिन्याभरात मी लोणी भापकरला, सासरी.

प्रगती : आणि पप्पा शिकून येऊन भवानीनगरला टाइल्स विकतायत. पण मग त्यांची कशी उभी राहिली? ते पाणी कमी घ्यायचे का?

महिपती : पोरी, ऊठ. हात धू. दुसरं कुणीतरी शिकवंल.

प्रगती : परवावर आलंय आबा, आता कुणाला शोधू? आत्या, नवा गोळा घेऊ?

रोहिणी : घे. आन् ह्या खेपंला पाण्याची कंजूषी करू नको.

(प्रगती चाक सुरू करते. रोहिणी बादली तिच्या हाताशी सरकवते.)

महिपती : रोहिणी, पोरीचा काय दोष ह्यात?

रोहिणी : माझा काय हुता?

महिपती : भाईर चल. एकट्यात काय ती माफी मागतो तुझी.

रोहिणी : बोलताना अंगण भरलेलं चाललं, आन् माफी एकट्यात व्हय? मला नको ती. तिला सांगा. सांगायचं नसंल तर गप बसा, मी शिकवते तसं शिकू द्या. परवा हिचीबी बसंल, मंग हीबी घरी येऊन सोताच्या हाताकडं बघत बसंल.

प्रगती : काय चाललंय तुमचं? मी पाणी घेऊ का नको?

महिपती : नको घेऊ, पोरी.

रोहिणी : का नको?

महिपती : ही माती पाण्यानं ढेपाळती. बोटं नुसती ओलसर ठिवायची. लईच अडलं तर मातीचीच पातळ राबडी लावायची.

प्रगती : मग आत्याला उलटं का शिकवलंत?

महिपती : हिचा हात माझ्या अविराजपेक्षा चांगला हुता, आन् खुर्जाला एकालाच धाडायचं हुतं.

प्रगती : पप्पांना माहितीये?

महिपती : न्हाय. त्याला आजबी वाटतं, आपुन जिंकलो.

रोहिणी : लई वर्सांनी इंदापूरला एका बाईंच्या चिनी मातीच्या वर्गात मी पहिल्याच दिवशी बादली भरून बसले, तवा त्या हसल्या. तितं कळलं मला. तवर मला माझ्या हातांचा राग यायचा, तात्या. भाकरी थापतानाबी यायचा. तुमचा यायला पायजे हुता.

महिपती : झालं तुझं समाधान?

रोहिणी : लई झालं. खोटं कशाला बोलू. प्रगती, हात पूस आन् गोळा मधोमध घे. आता नीट दावते.

प्रगती : आबा.

महिपती : बोल, पोरी.

प्रगती : तुम्ही जरा बाहेर बसा.