आईने शिकवलेला डाव

आइंडहोवनच्या आमच्या तलवारीच्या क्लासमध्ये सध्या माझ्या आईचं फार नाव आहे. जुन्या युरोपियन पद्धतीची लांब तलवार शिकवतात तिथं. सरावाला बोथट असते, पण लागते चांगलीच.

परवा माझी जोडी यानशी होती, साडेसहा फुटी डच माणूस. पुढे सरकताना माझा पाय त्याच्या पायाला लागला. आता आपला हात थांबतो का? मी पटकन वाकून त्याच्या बुटाला हात लावला, तो छातीला लावला, आणि तेवढ्यात त्याची तलवार माझ्या डोक्यावरून गेली.

कोच बघतच राहिला. "हा डाव कुठं शिकलास?"

म्हटलं, "घरी. आईनं शिकवला."

झालं. त्यानं सगळ्या वर्गाला तेच करायला लावलं. यानची पाळी आली, तो मोठ्या कष्टानं वाकला आणि त्यानं माझ्या बुटाला हात लावला. माझा हात सवयीनं तलवार सोडून त्याच्या डोक्यावर गेला. म्हटलं, "असू दे, असू दे, सुखी राहा."

यानने खालूनच माझ्या पोटात तलवार ढोसली.

कोच शांतपणे म्हणाला, "आता यावर तोड काय, तेही आईला विचारून ये."