उजव्या बाजूचे काज

मी खाप्याची. कन्हान नदीच्या काठचं खापा, सावनेर तालुक्यातलं, तुम्ही गेल्या नसाल कधी. आमच्या घरी हातमाग होता, बाबा विणे, आई सुताच्या कांड्या भरे, आन मी सहा भावंडांत मधली, म्हणजे ना लाडाची ना मानाची. आता तुम्ही मले विचारून राहिल्या का कुसुमताई, तुम्हाले कपड्यात काय आवडते, गाण्यात काय आवडते, तर खरं सांगू का ताई, साठीच्या वर गेली मी, आजवर हे मले कोणं विचारलंच नाही. भाजीत मीठ कमी काहून झालं हे विचारलं, पोट्टी शाळेत गेली का हे विचारलं, पण तुले काय आवडते, हे नाही. म्हणून आता निवांत बसा, चहा ठेवला हाये, मी सगळं सांगते.

मले कोट आवडते. साडी नाही, दागिना नाही, सुटाचा कोट, खांदे असलेला. आन हे बाबामुळं. बाबापाशी एक काळा कोट होता, जुन्या बाजारातून घेतलेला, बाह्या दोन बोटं लांब. वर्षभर बाबा बंडी आन धोतरात राहे, पण दसऱ्याले दीक्षाभूमीवर यायचं म्हटलं का तो कोट पेटीतून निघे. आजोबानं दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरचा हा नेम, आई पांढऱ्या लुगड्यात आन बाबा कोटात. घरी भिंतीवर जो फोटो होता तोही सुटाबुटातलाच, कोणाचा ते मी काय सांगू तुम्हाले. दसऱ्याचं ऊन, भरलेली एसटी, बाबा घामानं निथळून जाय, आई म्हणे काढा ना जी तो कोट, बाबा म्हणे आज नाही. मागावर बसून बसून बाबाची पाठ वाकली होती, पण कोट अंगात गेला का खांदे मागं, मान वर, चाल वेगळीच. मी मागून चालू आन पाहू, का हे काय चीज हाये जे माणसाले असं सरळ करते. एकदा स्टँडवर त्याचं बटन तुटलं, मी सात-आठ वर्षांची असन, म्या तिथंच बसून लावून देल्लं. बाबा म्हणे, पक्कं लावलं गा पोट्टीनं. माहं शिलाईचं शिक्षण तिथून सुरू झालं म्हणा.

गाण्याचं म्हणाल तर मले रडके गाणे आवडत नाही. ज्याच्यात सुरुवातीलेच बाजा वाजते, ट्रम्पेट, बोंगो, हिरोईन हॉटेलात नाचत येते, सगळे माना वळवून पाहतेत, ते गाणं पाहिजे मले. चांगल्या घरच्या पोरी ऐकत नसत ते. मी ऐके. अजून ऐकते.

लग्न होऊन नागपुरात आली, इंदोऱ्यात. आमचे हे ऑटो चालवत, माणूस चांगला, फक्त थट्टेखोर. पोट्टी झाली, प्रज्ञा, मग घरात भागेना, म्हणून मी सीताबर्डीवर एका टेलरच्या दुकानात लागली. सूट शिवणारं मोठं दुकान. आमच्या लाईनीत जो कापड कापते तो मास्तर, बाकी सगळे कारागीर, आन मी तर कारागीरही नाही, मी मागं पडद्याआड बसून काज करणारी. बटन ज्याच्यातून जाते ते काज, कोटाले हातानं करा लागते, आधी कापड कापायचं मग रेशमी दोऱ्यानं कड भरायची. मास्तर खडूनं खूण करून दे, मी काज करू. दुकानात टेप होता, पण कॅसेट मास्तरच्या आवडीच्या, सगळे विरहाचे गाणे, दिवसभर कोणी ना कोणी कोणाले सोडून जाऊन राहिलं. दोन गाण्यांत एक काज, असं माहं माप बसलं होतं. घड्याळ कधी पाहिलं नाही मी.

आन पडद्याच्या फटीतून मी कापणं पाही. मास्तरची कैची कापडात चाले ना ताई, मले भूक लागे नाही, तहान लागे नाही. घरी येऊन मी पेपरचे कोट कापू. आमचे हे म्हणत, काय वं, पेपरवाल्याची वरात काढतं का. हसू दे म्हटलं. एक दिवस हिंमत करून मास्तरले म्हटलं, मले कोट कापायचा हाये. मास्तर वाईट माणूस नाही, ओरडला नाही, शांतपणे म्हणे, बाई, कोट कापणं म्हणजे आधी माप घेणं, परक्या माणसाच्या छातीले टेप लावणं, बाईच्या हाती कोण माप देईन? मी परत काजाले बसली. पण डोक्यातून गेलं नाही ते. माह्या हातचा कोट एका तरी माणसाच्या अंगावर पाहायचा, एवढंच माहं सपन होतं.

मग मास्तरच्या डोळ्यात मोतीबिंदू आला. रामदासपेठेत दवाखान्यात ऑपरेशन झालं, आठ दिवस आराम सांगतला. जाताना एका नवरदेवाचं कापड फळीवर होतं, माप वहीत लिहिलेलं. मास्तर म्हणे हे मी आल्यावर पाहू. म्या पाहिलं नाही, ताई, म्या कापलं. चोरी म्हणा, आगाऊपणा म्हणा, म्हणा काही बी. बाकीचे कारागीर म्हणत नोकरी जाईन तुही, मी ऐकतच नव्हती. गडद निळं कापड, तीन बटनांचा कोट. दोन्ही खांदे बसवले, बसले ते बसलेच, एक सुरकुती नाही.

आन इथं माही गंमत झाली. फक्त काज राहिले होते. दुपारचं जेवून सगळे बाहेर गेले, दुकानात मी एकटी, समोर ट्रायलचा मोठा आरसा. मले राहवलंच नाही. साडीवर तो कोट घातला म्या. पाहतच राहिली. हा खांदा, ही कॉलर, मले माहा बाप दिसला. मग म्हटलं अंगातच हाये तर काजाच्या खुणा बी करून टाकू. रोज ट्रायलले माणसं माह्या पडद्याकडं तोंड करून उभी राहत, काज मले माह्या उजव्या हाताले दिसे, म्हणून आरशात पाहून उजव्या हाताले खुणा केल्या, बसून कापले आन तिन्ही काज भरले. आता पाहा, समोरच्या माणसाचं डावं आपल्या उजव्या हाताले येते, पण आरशात आपलं उजवं ते उजव्याच हाताले राहते. पुरुषाच्या कोटाले काज डावीकडे, बाईच्या कोटाले उजवीकडे. म्या नवरदेवाले बाईचा कोट शिवला होता. आन कापलेलं काज काही बुजत नाही.

दुसऱ्याच दिवशी मास्तर आला, डोळ्यावर हिरवी पट्टी, अन् त्याच्या मागंच नवरदेव, नरखेडकडचा शाळामास्तर, संगं त्याचा बाप. नवरदेवानं कोट घातला, खूश झाला, हात फिरवला, मग बटन लावाले गेला. बाप म्हणे, अहो हा तर बायकांचा कोट हाये, हे काय दुकान हाये का तमाशा. आता लपून कुठं जाणार, मी पडदा सारून बाहेर आली, म्हटलं मास्तर, कोट म्या कापला.

मास्तरले नीट दिसतही नव्हतं. तो नवरदेवापाशी गेला, दोन्ही हातानं खांदे चाचपले, मग पाठ, मग बाहीचा गोल. म्हणे हात वर करा, ओढते का? नवरदेव म्हणे नाही. खाली वाका, फुगते का? नाही. मले वाटलं आता टेप फेकून मारते. त्यानं गळ्यातला टेप काढला आन माह्या हातात देल्ला. नवरदेवाच्या बापाले म्हणे, कापड माह्या दुकानातलं देतो, लग्न पाच दिवसांवर हाये, मले दिसत नाही, अन् असा खांदा सीताबर्डीत दुसरं कोणी बसवत नाही, माप नव्यानं ही बाई घेईन, चालते का बोला. बाप म्हणे अशी पद्धत नाही. पण तो पोरगा, देव त्याचं भलं करो, त्यानं दोन्ही हात वर केले अन् म्हणे, घ्या ताई माप.

छाती छत्तीस. अजून पाठ हाये मले. माप घेतलं, वहीत लिहिलं, अन् मग मास्तरले म्हटलं, आता कापाले बसते, पण टेपवर गाणे माहे लागतीन. कारागीर हसू लागले. मास्तर म्हणे, लाव बाई, तो धिंगाणा लाव. दुसरा कोट चार दिवसांत झाला, काज डावीकडे, नवरदेव तो घालून बोहल्यावर उभा राहिला. पहिला कोट मास्तरनं मले देल्ला, म्हणे घेऊन जा, गिऱ्हाईकाले दिसता कामा नये.

तवापासून मी कापतच आली. आता माहं दुकान हाये इंदोऱ्यात, पाटीवर जेंट्स टेलर, खाली माहं नाव. नवीन गिऱ्हाईक येऊन विचारते मास्तर कुठं गेले, मी म्हणते समोर उभी हाये, हात वर करा. पण तो निळा कोट मात्र पेटीतच राहिला, डांबरगोळ्या टाकून. साडीवर कोट घालून निघाली तर लोकं काय म्हणतीन, एवढीच एक भीती माह्यात राहून गेली होती.

यंदाच्या दसऱ्याले ती भीती बी काढली अन् कोट बी. मास्तर कारागिरांले सांगे का शिवणीच्या आत कापड सोडत जा, माणूस वाढते. सोडलेलं होतं, बाजू उसवल्या, सैल केला, बसला मले. पांढरी साडी अन् त्याच्यावर निळा कोट. प्रज्ञा म्हणे आई, ऊन किती हाये. आमचे हे म्हणे, काय वं, बँडपार्टीत लागली का. म्या म्हटलं ऑटो काढा. त्या गर्दीतून दीक्षाभूमीवर मी तिन्ही बटनं लावून चालली, घाम निथळत होता, आन काय सांगू तुम्हाले, कोणी हसलं नाही. हसलं असतं तरी काढला नसता.

तिथून हट्टानं मास्तरच्या घरी गेली, महाल भागात. मास्तर आता नव्वदीले टेकला, पलंगावरच राहते, डोळे गेलेच म्हणा. म्या त्याचा हात धरून माह्या खांद्यावर ठेवला. त्यानं चाचपलं, मग बोटं कॉलरवरून खाली आली, पहिलं काज, दुसरं, तिसरं. ओळखलं त्यानं. मले वाटलं आता जुनी चूक काढून चिडवते. म्हातारा म्हणे, काज बरोबर बाजूले हायेत. मग सुनेले म्हणे, हिचं गाणं लाव मोबाईलवर, ते धिंगाण्याचं. आन त्याच्या वाळक्या बोटांनी पलंगाच्या काठावर ताल धरला, ज्यानं मले जन्मभर रडके गाणे ऐकवले त्यानं. दोन गाणे आम्ही पूर्ण ऐकले, म्हणजे एका काजाएवढं बसली मी. मग उठली, पाया पडली, कोट सारखा केला, आन बाहेर उन्हात आली.