झटके बंद करताना

(वडिलांची खोली. पलंगाशी मुलगी, दारात धाकटा मुलगा, खुर्चीवर यंत्र मांडून बसलेला तंत्रज्ञ.)

मुलगी : चुंबक काढलं कुणी बाबांच्या छातीवरून? चांगली चिकटपट्टी लावून गेले होते मी.

मुलगा : मी काढलं.

मुलगी : आणि मी आंघोळीला गेले तेवढ्यात लागोपाठ झटके. उडाले रे ते पलंगावर. झटके थांबावेत म्हणूनच दिलं होतं ना डॉक्टरांनी ते चुंबक?

मुलगा : त्या झटक्यांनीच जगवलंय त्यांना इतकी वर्षं. छातीत बसवलेली ती झटक्यांची डबी बंद करायला माणूस बोलावलास, मला न विचारता. म्हणजे हृदयच थांबवायचं.

तंत्रज्ञ : हृदय मी थांबवू शकत नाही, दादा. त्याच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक इवलीशी जागा असते. तिथून विजेचा इशारा निघतो, वरचे कप्पे आवळतात. मग इशारा वाटेत जरासा अडतो, तेवढ्यात रक्त खाली उतरतं. मग खालचे कप्पे आवळतात. झाला एक ठोका.

मुलगा : आणि बाबांचं काय होतं?

तंत्रज्ञ : खालचे कप्पे मध्येच कुणाचं ऐकेनासे होतात. जो तो कोपरा आपलाच इशारा काढतो, हृदय नुसतं थरथरतं. डबी झटका देते, सगळे एकदम गप्प होतात, आणि वरची जागा पुन्हा ताबा घेते.

मुलगी : पण आता टिकत नाही तो ताबा.

तंत्रज्ञ : नाही. स्नायूच थकलाय. डबीला ते कळत नाही, ती देतच राहणार. माणूस शुद्धीवर असला तरी.

मुलगा : म्हणजे त्यांना कळतं?

मुलगी : काल म्हणाले, छातीत घोडा लाथा घालतोय, हाकल त्याला. तू औषधाच्या दुकानात होतास. हल्ली तिथेच मुक्काम असतो तुझा.

मुलगा : टोमणे नंतर मार.

मुलगी : नंतर कशाला मारू?

तंत्रज्ञ : ठोका मंदावला तर आधार देणारा भाग चालूच राहील. फक्त झटके बंद. बाबांनी होकार दिलाय. पण तुम्ही दारात असे उभे असताना मला बटण दाबवत नाही.

मुलगा : … करा.

तंत्रज्ञ : झालं.

मुलगा : एवढंच? आवाजसुद्धा नाही?

मुलगी : ये आता आत. बस त्यांच्यापाशी.

मुलगा : आता हात धरला त्यांचा, तर मला झटका नाही ना बसणार?

तंत्रज्ञ : आधीही तुम्हाला काही झालं नसतं, दादा.