खोली चारचा पत्ता

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब, व्यासपीठावरच्या मेट्रन बाई, आजच्या सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणाऱ्या नेटवर्क विभागाच्या आमच्या ताई, त्यांचे यजमान, आणि चहा गार झाला तरी जागेवर बसून राहिलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

ताईंबद्दल चार शब्द बोलायचा मान मला दिलात. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे, तेव्हा हे साहजिकच. पाठ केलेलं भाषण खिशात आहे. छान आहे, बायकोने टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण ते खिशातच राहू द्या.

ताईंचं काम काय, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? इंटरनेट बंद पडलं की बोल लावायची जागा, हीच आमच्या विभागाची ओळख! हसू नका मेट्रन बाई, तुमचे फोन माझ्या लक्षात आहेत. तर या इमारतीतल्या प्रत्येक यंत्राला, मग तो प्रिंटर असो की पेशंटच्या छातीला लावलेला मॉनिटर, नेटवर्कवर एक पत्ता असतो. आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात ना, तोच. ताईंच्या यादीत ज्याचा पत्ता नाही, त्या यंत्राला नेटवर्कवर प्रवेश नाही. अशी नऊशे यंत्रं. आणि ताईंचा एक हट्ट: पत्ता खोडायचा तर आधी उठून त्या यंत्रापर्यंत जायचं, त्याला हात लावायचा, मगच खोडायचं. "गप्प आहे म्हणजे निकामी झालंय असं नाही रे," त्या म्हणायच्या. मला हे खूळ वाटायचं. ताई, खरं तेच सांगतोय.

चार वर्षांपूर्वी तपासणी होणार होती. यादी चकाचक दिसावी म्हणून, ताई बैठकीत असताना, मी खुर्चीतून न उठता एक्केचाळीस पत्ते खोडले. महिनोन्‌महिने गप्प होते ते. वर स्वतःची पाठ थोपटून घेतली.

त्यातला एक पत्ता मुलांच्या अतिदक्षता विभागातल्या जादा मॉनिटरचा होता. वॉर्ड भरला तरच तो कपाटातून निघायचा. दुसऱ्याच दिवशी सकाळी वॉर्ड भरला. काचेच्या बंद खोलीत, खोली चारमध्ये, सहा वर्षांच्या एका मुलीला तो लावला. आत तो नीट चालत होता, पण बाहेर सिस्टरांच्या टेबलावरच्या पडद्यावर खोली चार दिसेना. नऊ मुलं, दोन सिस्टर. त्यांचा फोन आला.

ताईंनी मला विचारलं, "काल यादीला हात लावलास?"

मी म्हणालो, "नाही."

त्यांनी विश्वास ठेवला. मग दोष वायरचाच असणार, म्हणून तिसऱ्या मजल्यावर धावल्या आणि वायरिंगच्या कपाटात डोकं घालून एकेक जोड तपासत बसल्या. मी खाली. पत्ता परत यादीत घालायचा, दोन मिनिटांचं काम. पण बदल माझ्या नावावर नोंदला जाईल, या भीतीने माझी बोटं हलली नाहीत. सोळा मिनिटं! तेवढ्यात त्या खोलीत मुलीचा श्वास अडकला. मॉनिटर बोंबलत होता, पण दार बंद होतं आणि बाहेरचा पडदा कोरा होता. एक सिस्टर दुसऱ्या मुलाला औषध देऊन वळल्या आणि काचेतून त्यांना निळे पडलेले ओठ दिसले.

मुलगी वाचली. पण नऊ दिवस ती यंत्राच्या श्वासावर होती.

चौकशीत ताईंनी लिहून दिलं, "यादी माझ्या ताब्यात होती, जबाबदारी माझी." त्यांना लेखी ताकीद मिळाली, बढती गेली. कुणी खोडलं याची नोंद संगणकात नावानिशी होती. समितीने ती मागितली नाही, ताईंनी वाचली होती. मला एवढंच म्हणाल्या, "मी सांगणार नाही. तुझं तू सांगायचंस." चार वर्षांत पुन्हा विषय काढला नाही. रोज सकाळी "चहा झाला का रे?" म्हणून विचारत राहिल्या. त्या प्रश्नाची मला भीती वाटायची. नाही ताई, मान हलवू नका, आज बोलू द्या.

अध्यक्ष महाराज, आपल्यासमोरच्या पाकिटात माझा सहीनिशी जबाब आहे. ताईंची फाइल आज पाच वाजता बंद होते. त्याआधी ती ताकीद तिथून काढून माझ्या फायलीत लावावी, ही हात जोडून विनंती. पुढे जे व्हायचं ते होऊ द्या.

आणि तिसऱ्या रांगेत आमचे लिफ्टवाले दादा बसलेत. ती मुलगी त्यांची. दादा, तुम्ही मला रोज वर-खाली नेता, "पोरगी चौथीत गेली साहेब," म्हणून कौतुकाने सांगता. तुम्हाला सांगितलं गेलं की वायर खराब होती. वायर चांगली होती, दादा.

आयोजकांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, मी सर्वांचा ऋणी आहे. बोलताना कुठे शब्द चुकला असेल, मर्यादा सुटली असेल, तर तेवढं पोटात घाला. बाकीचं कुणी पोटात घालू नये. दादा, तुम्ही उठू नका. मीच खाली येतो.