पाहुणे जमण्याचा दिवस

पोलंडमधील लुब्लिन शहरातील परकीयांच्या कचेरीत वाख्तांग स्वतःच्या परवान्याची प्रतीक्षा करीत बसला असता, पुढील बाकावरील दांपत्याचे संभाषण अनायासे त्याच्या कानी पडू लागले. पत्नी बोगुमिला पोलंडचीच होती. युक्रेनहून आलेल्या ओस्तापला तिचा पती या नात्याने कायमच्या वास्तव्याचा परवाना हवा होता. चौकशी उभयतांची स्वतंत्रपणे होणार होती, आणि उत्तरे न जुळल्यास अर्ज फेटाळला जाणार होता.

“मी कुठल्या कुशीवर झोपते?”

“डाव्या.”

“चहात साखर?”

“घेत नाहीस. लिंबू पिळतेस.”

“वर्षातनं एकदा आपल्याकडे घरभर पाहुणे जमतात, ते कधी?”

“तुझ्या वाढदिवसाला. चौदा मार्च.”

“वाढदिवसाला?”

“का, तारीख चुकली?”

“तारीख बरोबर आहे रे. पण आमच्यात वाढदिवस कोण करतं? माझ्या नावाच्या संताचा दिवस असतो, तेव्हा येतात सगळे. खसखशीचा केक करते मी.”

“मी तेव्हा ट्रकवर असतो, बोगुशा.”

“लग्नाची तिन्ही वर्षं?”

“मालक पाठवतो, मी काय करू?”

“आणि चौदा मार्च कुठनं पाठ केलंस? माझ्या ओळखपत्रावरनं?”

“हळू बोल. मागचा माणूस ऐकतोय.”

वाख्तांगने तत्काळ आपली दृष्टी खिडकीकडे वळविली.

“ऐकू दे. परवाना मिळाल्यावर तरी घरी असशील का त्या दिवशी?”

“आधी मिळू तर दे.”

इतक्यात दार उघडले आणि बोगुमिलेच्या नावाचा पुकारा झाला.

“थांब, बोगुशा! संताचा दिवस म्हणजे तारीख कुठली?”

तिने पर्स खांद्याला अडकविली, आणि त्याच्याकडे क्षणभर पाहून ती आत गेली.