आणि प्रभू, अजून एक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पाळकसाहेब, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले सर्व पंच, पहिल्या रांगेतल्या पाळकीणबाई, गायकवृंद, पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पकडून बसलेले ज्येष्ठ सभासद, ख्रिस्तात प्रिय बंधू-भगिनींनो, आणि आज चर्चच्या पंचपदावरून निवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती, म्हणजे माझे सासरे, आमचे पप्पा, आपणा सर्वांना माझा सप्रेम नमस्कार.

घरातल्या कोणीतरी दोन शब्द बोलावेत असं ठरलं, आणि माझ्या नवऱ्याचा घसा तत्क्षणी बसला. म्हणून थोरली सून उभी आहे. मी दवाखान्यात रक्त काढण्याचं काम करते. तेव्हा थोडं टोचलं तर हात ओढून घेऊ नका, लगेच संपतं.

माझ्यानंतर पप्पा पंच म्हणून आपली अखेरची प्रार्थना करतील. जेवण त्यानंतर आहे. पाहा, किती चेहरे पडले! साहजिक आहे. पप्पांना आपल्या मंडळीतली मुलं काय म्हणतात, ठाऊक आहे ना? ‘अजून-एक आजोबा’. प्रार्थना संपत आली, लोकांचा श्वास ‘आमेन’साठी वर आला, की पप्पा म्हणणार, “आणि प्रभू, अजून एक...” आणि गाडी पुन्हा पहिल्या गावाला!

आपल्याला हे आठवड्यातून एकदा सोसावं लागलं. आमच्याकडे रोज जेवणाआधी होतं. लग्न होऊन आले त्याच संध्याकाळी टेबलाभोवती सगळ्यांनी डोळे मिटले आणि पप्पांचा गंभीर आवाज आला, “प्रभू, या घरात आलेल्या नव्या लेकराला दिवे बंद करण्याची सद्बुद्धी दे.” मी डोळे उघडून पाहिलं. न्हाणीघरातला दिवा चालू होता.

आमच्या घरात कोणी कोणाला तोंडावर बोलत नसे. बोलायचं ते सगळं देवामार्फत. मग मीही शिकले. माझी पाळी आली की म्हणायचे, “प्रभू, ज्यांना सूप अळणी लागतं त्यांना समोरची मिठाची बरणी दिसू दे.” सगळे ‘आमेन’ म्हणायचे. पप्पाही म्हणायचे, जरा दात आवळून. हसू नका. आपल्या बुधवारच्या प्रार्थनासभेत “अमक्या बहिणीला सांभाळ” म्हणत कोणाची मुलगी कोणाबरोबर फिरते ते अख्ख्या मंडळीला कळतंच की! देवाला ते आधीपासून माहीत असतं. आपल्यालाच नसतं.

असो. पाळकसाहेब घड्याळाकडे पाहताहेत, पण मला धाकट्या भाऊजींबद्दल बोलायचं आहे.

पप्पांचं चष्म्याचं दुकान. दोन्ही मुलांनी तिथेच बसायचं, हे ती जन्मायच्या आधीच ठरलेलं. माझा नवरा बसला. भाऊजींनी मात्र एक दिवस सांगितलं की मी बेकरीत काम शिकतोय, मला तेच करायचंय. पप्पा एक अक्षर बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, आता जेवणापर्यंत थांबा.

त्या संध्याकाळची प्रार्थना मी जन्मात विसरणार नाही. “प्रभू, या घरातल्या एकाची बुद्धी फिरली आहे. लोकांना दृष्टी देण्याचं काम सोडून तो पीठ तुडवायला निघाला आहे. त्याचा अहंकार मोड. आणि प्रभू, अजून एक, त्याच्या आईने त्याला लाडावून ठेवलं, तिला क्षमा कर. आणि प्रभू, अजून एक...” सुपावर साय धरली. शेवटी ‘आमेन’ झालं, आम्ही डोळे उघडले, तर भाऊजींची खुर्ची रिकामी.

बाहेरचं दार ओढून घेतलेलं, खुंटीवरची पिशवी गेलेली. त्यांच्याचसाठी चाललेल्या प्रार्थनेत ते आमच्यासमोरून उठून गेले, आणि आम्हा भाविकांपैकी एकालाही पत्ता नाही! एक सोडून. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पाहिलं होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “चप्पल हातात घेऊन गेला. आवाज होऊ नये म्हणून.”

“मग थांबवलं का नाहीस?” पप्पा गरजले.

“प्रार्थना चालू होती ना तुमची,” आई म्हणाल्या. “मधे बोललेलं तुम्हाला चालत नाही.”

त्या दिवसापासून आईंनी प्रार्थनेत डोळे मिटणं सोडलं. पंचाची बायको उघड्या डोळ्यांनी बसते, म्हणून या सभागृहात कुजबुज झाली होती. ज्यांनी केली त्यांची नावं घेत नाही. त्यांनी ते पाहिलं कसं, एवढंच विचारते.

आता, पाळकसाहेब पालटलेल्या अंतःकरणावर फार सुंदर उपदेश करतात. त्यात एका रविवारी माणूस रडतो आणि सोमवारी संत होतो. आमच्या घरात इतक्या झटपट काही होत नाही. आमच्याकडे नळ दुरुस्त व्हायलाही वर्ष लागतं. पप्पा आधी म्हणत, “त्याला धडा शिकव.” मग कधीतरी, “त्याला परत पाठव.” पुढे नुसतं, “त्याला सांभाळ.” माझ्या दिव्यांवरची तक्रार कधी बंद झाली, मला कळलंही नाही. दिवे मी अजूनही चालूच ठेवते. आणि एका संध्याकाळी ते म्हणाले, “आणि प्रभू, अजून एक...” आणि थांबले. आम्ही वाट पाहतोय. शेवटी बारीक आवाज आला, “तो जेवला असेल ना?”

‘आमेन’ म्हणायचं कोणाला सुचलं नाही. मला रडू आलं. हो, मला!

त्यानंतर पप्पा घरी पाव आणायला लागले. रोज! टेबलावर पाव, कपाटात पाव. मी भाजून दिला, तळून दिला, शेजाऱ्यांना वाटला, शेवटी शेजारी दार उघडेनात. कोपऱ्यावर बेकरी असताना हे गृहस्थ दोन बस बदलून कुठून पाव आणतात? कागदी पिशवीवरचा पत्ता पाहून मी तडक तिथे गेले.

गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, “ते आजोबा होय? रोज येतात. पाव घेतात आणि काचेतून आत भट्टीकडे बघत उभे राहतात. काही हवंय का विचारलं, तर म्हणतात, चष्म्याचा नंबर तपासतोय.”

तेवढ्यात आतून कोपरापर्यंत पिठाने माखलेले भाऊजी आले. मी म्हटलं, “अहो भाऊजी, पप्पा रोज इथे येतात!”

“माहितीये वहिनी,” ते म्हणाले. “त्यांच्यासाठी जरा करपलेला बाजूला ठेवतो. त्यांना तसाच आवडतो.”

“मग बाहेर येऊन बोलत का नाही?”

“ते तरी कुठे हाक मारतात?”

ऐकलंत? एक पाव भाजतो, एक विकत घेतो, आणि मधे एक काच! मी कपाळाला हात लावला. या घराण्याला देवाने जीभ दिली ती फक्त त्याच्याशीच बोलायला की काय?

बंधू-भगिनींनो, मी थांबते. पप्पांनी या मंडळीची मनापासून सेवा केली. तुमच्या आजारपणात ते रात्र-रात्र बसले, आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. तुम्ही त्यांच्या लांबलचक प्रार्थना उपाशीपोटी ऐकल्यात, त्याबद्दल आमच्या घरातर्फे तुमचे आभार. पाळकसाहेबांनी मला मधेच खाली बसवलं नाही, त्यांचेही. बोलण्याच्या ओघात कोणाचं मन दुखावलं असेल तर चूक पदरात घ्या. आणि फारच लागलं असेल, तर कृपा करून बुधवारच्या प्रार्थनेत देवाला सांगू नका, मला सांगा.

पप्पा, आता तुमची पाळी. एकच विनंती आहे. आज प्रार्थना डोळे उघडे ठेवून करा. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बघा. मी बोलावलं म्हणून आलेत. “येईन, पण दाराशीच बसेन, प्रार्थना लांबली की माझे पाय आपोआप उठतात,” असं म्हणालेत. चप्पल अजून पायातच आहे, मी इथून पाहतेय.

देव थांबेल, पप्पा. त्याला सवय आहे. आधी भाऊजींना हाक मारा.