नंदाखालची सुकेळी

—नाही, नाही, बसा हो, चहा तर घ्या. मी आपली विचारते. सिनेमाच्या साप्ताहिकांवर प्रबंध लिहिताय म्हणालात, मग विनया सामंतकडे येणारच — वीसेक वर्षं 'पडद्यामागून' सदर चालवलंय मी, आमचं साप्ताहिक बंद पडेपर्यंत. पण प्रबंधवाली मुलगी आमच्या वसईजवळच्या उमेळ्याला काळ्या काचांच्या गाडीतून येते? खिडकीतून दिसलं मला. वर हातात मोबाइल — अजून बड्या निर्मात्यांकडेच दिसतो तो! असो, वडिलांचा असेल. आमच्या धंद्यात संशय नसला तर माणूस उपाशी मरतो, म्हणून म्हटलं.

हं, विचारा — पुन्हा तेच? रूपगंधाबाईंच्या चोरून झालेल्या लग्नाची बातमी मला कुणी दिली? अहो, मघापासून तेच चाललंय. मी मुलाखती कशा घ्यायचे, ते नाही विचारलंत! वही कधी काढायची नाही. वही दिसली की नट्या शहाण्यासारख्या बोलायला लागतात. मी आपली सरळ स्वयंपाकघरात शिरायचे. पण नाव? नाव मी संपादकांना सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. मी तोंड उघडायचं आणि त्या बिचारीची भाकरी जायची — बिचारी म्हटलं का मी? बिचारी, बिचारा, कुणीही असेल.

बरं, ही सुकेळी घ्या. नंदाखालची, घरच्या केळ्यांची, उन्हात सुकवलेली. बाजारात असली मिळायची नाही — रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपली की स्वतः आणून देते, आदल्या दिवशी स्टुडिओत कितीही राबलेली असो — म्हणजे, आमची एक ओळखीची. खा ना. काय? बाईंच्या मेकअपरूममध्येही असते? अश्शीच? वाळक्या केळीच्या पानात, लाल दोऱ्यानं बांधलेली?

तुम्हांला हो काय ठाऊक, बाईंच्या मेकअपरूममध्ये काय असतं?

वाटलंच मला. त्यांनीच धाडलंय तुम्हांला. प्रबंध म्हणे! अहो, लाल दोरा काय, सगळेच बांधतात. आगाशीच्या बाजारातून आणलीय मी, कालच — फोन कशाला काढताय? थांबा, ऐका माझं. इझाबेलनं काही केलेलं नाही, ती नुसती बाईंचे केस विंचरते, दोन पोरी शिकताहेत तिच्या — काय झालं? अशा बघता काय? तुम्हीच नाव घेतलंत ना आत्ता?

नाही?

उठा. चहा राहू दे. आणि तो सुकेळीचा पुडा आधी खाली ठेवा.